आईनं मला नेमलं होतं

आईचा कॅन्सर हाडात उतरला, तेव्हा ती कोंढ्याहून भंडाऱ्याला माझ्याकडे आली आणि मलाच घेऊन नोटरीकडे गेली. मशीनवर ठेवायचं नाही, आणि बोलता येईनासं झालं की निर्णय लेकीनं घ्यायचा, असं तिनं दोन साक्षीदारांसमोर लिहून दिलं. मी विचारलं, भाऊ का नाही? म्हणाली, "तो लोकायच्या तोंडाकडे पाहून ठरवते. तुले कोणाची पर्वा नाही." बरोबर ओळखलं होतं तिनं पोराला.

पुढं ती गावी परतली आणि तिथंच कोसळली. भावानं तिला खाजगी दवाखान्यात आणलं, आणि मी पोचेपर्यंत घशात नळी घालून मशीन लावलेलंही होतं. मी कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो नावडत्या सोयऱ्याची लग्नपत्रिका पाहावी तसा पाहिला. "मुलगा असताना मुलीची सही कशी चालेल, ताई?"

मी म्हटलं, कायदा मुलगा-मुलगी पाहत नाही, आईनं कोणाला नेमलं ते पाहतो. मशीन काढायला तुम्ही डॉक्टरांचं मंडळ बसवा, मग दुसरं बसवा, मॅजिस्ट्रेटला कळवा. तर म्हणे, "आपल्याकडे असं कोणी करत नाही." एवढी वर्षं शिकून हे उत्तर! पारावरचा रिकामटेकडाही हेच म्हणाला असता.

काका लगेच फणकारले, "देल्या पोरीनं माहेरच्या मरणात कायले पडाचं?" भाऊ खाली मान घालून पुटपुटला, "लोकं म्हणतीन, पोरानं मायले मारलं." आईला काय होतंय, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मला त्यांची कीव नाही, किळस आली.

मी रोज भांडत होते, आणि आई रोज त्या नळीवर झिजत होती.

मग डॉक्टर म्हणाले, आता फार वेळ नाही. भाऊ धावत जाऊन पवनीहून वैनगंगेचं पाणी घेऊन आला. आमच्यात शेवटचं पाणी पोरानं पाजायचं असतं. पण तोंडात नळी, वरून चिकटपट्टी. चमचा घेऊन तो उभाच राहिला.

"डॉक्टरसाहेब, नळी काढता येते काय? पाणी पाजाचं आहे."

"काढली तर त्या जातील."

"जाऊ द्या," भाऊ म्हणाला.

मंडळ बसलं नाही, मॅजिस्ट्रेटला कोणी कळवलं नाही, माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. नळी निघाली. पाणी आईच्या ओठांवरून उशीवर ओघळलं. भाऊ अजून गावभर सांगत फिरतो, मायले शेवटचं पाणी मीच पाजलं.