माझ्या ओळखीचा मासा

काल माळा आवरताना एक डबी सापडली. वडिलांची तपकीर समजून मी चिमूटभर ओढली आणि घरभर शिंकत फिरलो. वास सुकटीचा होता. ते माशाचं जुनं खाणं निघालं.

नवीन लग्न झालं तेव्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत काचेच्या टाकीत एक गोल्डफिश होता. त्याचं पाणी मी बदलायचो, दाणे मीच मोजून घालायचो. "मला ओळखतो," असं ऑफिसभर सांगितलं होतं, म्हणून एकदा साहेब बघायला आले. मी काचेला नाक लावलं. मासा ढिम्म. इतक्यात बायको चहा घेऊन आली आणि तो शेपटी हलवत तिच्याकडे धावला.

"वहिनींना ओळखतो वाटतं," साहेब म्हणाले.

ती त्याला रोज दुपारी गुपचूप पोळीचा चुरा घालायची, हे मग कळलं. घरातले दोघेही फितूर! मी दोन दिवस दोघांशी अबोला धरला.

काल शिंका थांबल्यावर मी ते पुन्हा उगाळलं.

"अहो," ती म्हणाली, "मी अकोल्याहून नवीन आले होते. दिवसभर बोलायला तोच होता. तुम्ही संध्याकाळी यायचात, ते आधी टाकीकडे जायचात."