कुंदनच्या मुलीची बी.एस्सी.

तळोज्याच्या कारखान्यांना लागून असलेल्या गावात सगुणा आणि तिची मुलगी उन्नती दोघीच राहतात. सगुणाचा नवरा कुंदन एका रसायनांच्या कंपनीत कामाला होता. उन्नती नववीत असताना तो सांडपाण्याची टाकी साफ करायला उतरला आणि जिवंत वर आला नाही. हार्ट अटॅक आला असेल, असं कंपनीने सांगितलं. त्याचे सोबती घरी येऊन गेले. ते एवढंच म्हणाले, की आधी फार घाण वास मारत होता, मग टाकीच्या तोंडाशी वाकलेला कुंदन म्हणाला, वास गेला आता, आणि उतरला.

बारावीत रसायनशास्त्राच्या बाईंनी एक वायू तयार करून दाखवला. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. बाबांच्या शर्टाला असाच वास यायचा. उन्नती उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. बाई मागोमाग आल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. धीर द्यायचा म्हणून त्या म्हणाल्या, की वास येतोय तोवर बरं. हा वायू वाढला की नाक बधिर होतं, माणसाला वाटतं वास गेला. उन्नतीने त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं.

त्यानंतर बरेच दिवस तिचा पाय प्रयोगशाळेत पडेना. तरी बारावीला सगळ्यात जास्त मार्क रसायनशास्त्रातच आले. काका बांधकामाच्या धंद्यात होते. बी.कॉम. कर आणि माझ्या ऑफिसात बस, असं त्यांनी सुचवलं. सगुणाला ते पटलं. उन्नतीला मात्र धड हो म्हणवेना, धड नाही म्हणवेना. बी.एस्सी.चं नाव ती काढायची आणि स्वतःच घाबरायची. प्रवेश बंद व्हायला आले, तेव्हा तिने बाईंचं बोलणं आईला सांगितलं. भाकरी थापणारे सगुणाचे हात थांबले.

"मंग आता कलून काय? तो येनार हाय?"

"नाही येणार. पण तिथे अजून माणसं उतरतात, आई."

"तू नको जाऊस त्या वासात. माझ्याजवल तू एकलीच हायस."

 दुसऱ्या दिवशी उन्नती खारघरच्या कॉलेजात गेली, तेव्हाही तिचं ठरलेलं नव्हतं. खिडकीतल्या माणसाने कोर्स विचारला आणि तिच्या तोंडून बी.एस्सी. केमिस्ट्री निघून गेलं. घरी येऊन तिने सांगितलं. सगुणाने तिला जेवायला वाढलं आणि स्वतः उठून भांडी घासायला गेली.

उन्नती आता दुसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत तिने दाराजवळचं टेबल मागून घेतलंय. बाटलीचं झाकण काढताना ती अजून तोंड दाराकडे वळवते. कधी कधी वाटतं, आपलं चुकलंच. प्रॅक्टिकल सुटायच्या सुमाराला आईचा फोन येतो. काय शिकलीस, हे ती कधी विचारत नाही.

"भायेर आलीस?"

"आले."

मग सगुणा फोन ठेवते.