अर्जनवीस काकांचे खून

पोलीस ॲक्शननंतरच्या वीस वर्षांत औरंगाबाद शहरात जेवढे खून झाले, त्यांतले निम्म्याहून जास्त माझ्या काकांनी केले. विष, दोरी, वरवंटा, विहीर, एकदा तर नुसता कंदील. माझ्याकडे वही आहे. तिच्यात त्यांच्या सदतीस रहस्यकादंबऱ्या आणि नऊ नाटकं मी क्रमानं उतरवली आहेत: मेलेला कोण, हत्यार कोणतं, मारणारा कोण, आणि मेलेला माणूस खऱ्या आयुष्यात कोण होता. हा शेवटचा रकाना ठेवावाच लागला, कारण काका ओळखीतलीच माणसं मारायचे. सख्खा मेहुणा तीनदा गेला, तिन्ही वेळा ताटातल्या विषानं. "लोकांना वाटंल मला सैपाक येत नाय," म्हणून काकू रुसून बसायची. गल्लीतल्या न्हाव्याला त्यांनी त्याच्याच वस्तऱ्यानं संपवलं, तेव्हा तो महिनाभर मागं लागला होता, "चचा, मेरे कू मारना है तो मारो, लेकिन उस्तरे से नक्को. गिऱ्हाईक बैठनाच बंद कर दिए." दुसऱ्या आवृत्तीत काकांनी त्याला विहिरीत ढकललं. त्यानं गल्लीत पेढे वाटले.

या वहीत फक्त एक माणूस नाही, माझे वडील. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत ते वैजापूरकडच्या आमच्या गावाहून बाजाराला म्हणून निघाले आणि परत आले नाहीत. मी तेव्हा चार वर्षांची होते. कुणी म्हणालं रेल्वेत चढताना पाहिलं, कुणी म्हणालं नदीकाठी पाहिलं, आणि नंतर कुणीच काही म्हणेनासं झालं. रान त्यांच्या नावावर होतं. ते रान वडिलांचे चुलतभाऊ कसू लागले. "दादा आला की त्याच्या हवाली करू, वहिनी," असं ते अगदी अदबीनं सांगायचे. दादा मेला असं सख्ख्या भावानं लिहून दिल्याशिवाय तहसीलवाले आईचं नाव लावायला तयार नव्हते, आणि सख्खा भाऊ म्हणजे काका. ते एवढं एक लिहून देत नव्हते. म्हणून माझी आई वीस वर्षं स्वतःच्याच रानात रोजानं खुरपत होती.

गंमत म्हणजे लिहून देणं हाच काकांचा धंदा होता. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सतरंजी टाकून ते अर्जनवीस म्हणून बसत. पुढं उतरती पेटी, दौत, टाक. लोकांचे अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रं लिहायची आणि दुपारी सावली सरकली की उरलेल्या शाईत खून करायचे. त्यांचे तीन नियम होते. सतरंजीवर जो येऊन बसला त्याचं लिहायचं, मग तो वैरी का असेना. तो सांगेल तेच लिहायचं, पदरचं घालायचं नाही. आणि शेवटी मोठ्यानं वाचून दाखवायचं. एकदा उस्मानपुऱ्यातले त्यांचे घरमालकच येऊन बसले. भाडेकरू खोली सोडत नाही, असा अर्ज लिहायचा होता. तो भाडेकरू म्हणजे काका. काकांनी अर्ज इतका मुद्देसूद लिहिला की तीन महिन्यांत त्यांनाच खोली सोडावी लागली. घरमालक पुढं दोन कादंबऱ्यांत मेले, पण अर्जाबद्दल काकांना अभिमानच होता. "कच्चा दुवा सापडला का कुटं?" असं ते भेटेल त्याला विचारत.

निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेला माणूस. मराठी लिहिताना त्यांना शब्द आधी उर्दूत सुचायचा. एका कादंबरीत त्यांनी चार संशयितांना सगळीकडं 'मुलजिम' म्हटलं होतं, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. पुण्याच्या मुद्रितशोधकाला ते 'मुजरिम' वाटलं आणि त्यानं घाऊक 'गुन्हेगार' करून टाकलं. पुस्तक आलं तेव्हा पहिल्याच प्रकरणात चार गुन्हेगार ओळीनं चहा पीत बसलेले, आणि इन्स्पेक्टर पुढची दोनशे पानं गुन्हेगार कोण म्हणून वणवण फिरतोय. काका दोन दिवस जेवले नाहीत. "शब्द छापला की झालं बघ," मला म्हणाले. "मग बोंबलत बसा."

त्यांच्या प्रत्येक कादंबरीत दहाव्या पानाच्या आत प्रेत सापडायचं. त्याशिवाय त्यांना पुढं लिहिताच यायचं नाही. नाटकात तर पडदा उघडतानाच प्रेत. एका गणेशोत्सवात वैजापूरला त्यांचं नाटक होतं. प्रेत झालेल्या तलाठ्याला डास चावायला लागले. त्यानं आधी पाय हलवला, मग सावकाश मांडी खाजवली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, मेलंय का नाय नक्की सांगा की!" मांडव हसून हसून लोळला. माझ्या शेजारी आई बसली होती. ती हसली नाही. विंगेत काका उभे होते, तेही हसले नाहीत.

वही पुरी करताना माझ्या ध्यानात आलं की एवढ्या सगळ्या खुनांत कुणी कधी हरवलेलं नाही. मी ते काकांना सांगितलं आणि लगोलग प्रतिज्ञापत्राचा विषयही काढला.

"मयत लिहायचं म्हणतीस? मय्यत कुठंय? कुणी पाहिली? खांदा कुणी दिला?"

"सात वर्षं ठावठिकाणा नसला की कायद्याला पुरतं, काका."

"कायदा वळखतो का माझ्या दादाला?"

आईला हे सांगितलं तेव्हा ती खुरपं घासत होती. "भावजीनं चाळीस माणसं मारली," ती म्हणाली, "आन एकाला मारताना हात थरथरतोय व्हय."

पुढच्या सोमवारी ती मला घेऊन एस.टी.नं औरंगाबादला आली. घरी न जाता सरळ कोर्टात. सतरंजीजवळ दोन माणसं बसली होती, त्यांच्या मागं बसली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वहिनी, उन्हाच्या कशाला आल्या? घरी चला, दोन घास खाऊन घ्या."

"माझा नंबर यिऊ द्या."

नंबर आला. काका थोडा वेळ पेटीवरची धूळ पुसत राहिले. मग सगळ्यांना विचारायचे तसंच त्यांनी विचारलं, "काय लिहायचं?"

"लिहा. मी खाली सही करणार असं लिहून देतो, की माझे थोरले भाऊ बाजारला म्हणून घरातनं गेले." टाक चालू झाला. "लई तपास केला. तपास लागला नाय." टाक चालतच होता. "ते मयत हायेत."

टाक थांबला. आमच्या मागचा एक म्हातारा कुरकुरला, "आवरा की मालक, साहेब उठंल."

"वैऱ्याचं लिहिता भावजी, माझं लिहा."

"वहिनी, मी एकदा लिहिलं की दादा..."

"तुमी लिहिलं म्हणून ते मरायचे नायत. आन वीस वर्सं लिहिलं नाय म्हणून आले बी नायत."

काकांनी लिहिलं. नियमाप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवलं, तो शब्दसुद्धा, आवाज न उतरवता. सही केली. मग शाई वाळावी म्हणून फुंकर घालत बसले. शाई केव्हाच वाळली होती.

रान आईच्या नावावर झालं. चुलतभावांनी चार दिवस तोंड फिरवलं, मग पेरणीला बैल पाठवले. काकांनी त्यानंतर कुणालाही मारलं नाही. तीन कादंबऱ्या लिहिल्या, तिन्हींत घरातला एक माणूस हरवतो, दोनशे पानं त्याचा शोध चालतो आणि शेवटच्या पानावर तो दारात येऊन पाणी मागतो. प्रकाशकानं पत्र टाकलं, "यात खून कुठं आहे?" काकांनी उलट टपाली कळवलं, "नाही. चालत असेल तर छापा." त्यांनी छापलं नाही. काका गेले तेव्हा काकूनं तिन्ही बाडं माझ्या हवाली केली. वहीत मी त्यांना नंबर दिले आहेत, रकाने मात्र कोरे आहेत.

आईला वाचता यायचं नाही. म्हातारपणी ती माझ्याकडंच होती, आणि दुपारी ती बाडं वाचून दाखवायला लावायची. मध्येच अडवून विचारायची, "ह्यो कोन?", "पुढं काय केलं त्यानं?" मन लावून ऐकायची. शेवटचं एक पान उरलं की मात्र गुडघ्यावर हात टेकून उठायची.

"बास कर आता," म्हणायची. "दूध उतू जाईल."