सुमनने एसी नाकारला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही.

वीज कमी वापरा, असं सांगत मी सातारा-सांगलीत फिरतो. आमच्या घरात एसी नाही — हे माझ्या भाषणातलं आवडतं वाक्य. परिषदांना मात्र विमानानं जायचो, आणि त्या धुराची भरपाई म्हणून म्हसवडच्या माळावर झाडं लावायला पैसे पाठवायचो. मग मन स्वच्छ.

सुमन, माझी बायको, मिरजेचे उपचार थांबवून घरी आली तेव्हा मे महिना होता. तिला श्वास पुरत नव्हता. खोली गार ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी खिडक्यांना ओले पडदे लावले. ती हसली. म्हणाली, "अहो, तुमच्या विमानाला झाडं चालतात ना? मग माझ्या नावानंही लावा की दोन, आणि एसी आणा."

मी म्हणालो, बघू. लोक काय म्हणतील — डोक्यात एवढंच होतं. मला भरपाई आणि तिला काटकसर, हा कुठला न्याय? तेव्हा हा प्रश्न सुचला नाही असं म्हणता आलं असतं. पण सुचला होता.

पावसाच्या आधी ती गेली.

सांगायचं आहे ते याच्याही पुढचं. शोकसभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो — तिनं शेवटपर्यंत एसी नाकारला. का म्हणालो? समोर लोकांचे डोळे भरून आले. मग ते वाक्य प्रत्येक भाषणात येत गेलं.

गेल्या उन्हाळ्यात शिराळ्यात एका देवळात भाषण संपल्यावर एक बाई थांबली होती. "आवं सर, तुमच्या बाईंचं ऐकल्यापास्नं आमच्या सासूबाईंनी कूलर बंद केलाय. दमा हाय त्यास्नी, लय तडफडत्यात. आमचं कुणाचं ऐकत न्हाईत. तुमी चला की जरा — तुमचं ऐकतील."

घर देवळामागंच होतं. एकच वाक्य सांगायचं होतं.

मी म्हणालो, "थोर आहेत हो त्या. माझा नमस्कार सांगा." आणि गाडीत बसलो.

तो नमस्कार तिनं पोचवला असणार. तो ऐकल्यावर म्हातारीनं पुन्हा कूलर लावू दिला असेल का? मी विचारलेलं नाही.