माहेरच्या नावाचं ओळखपत्र

बोईसरला आम्ही राहायला आलो तेव्हा माझं नाव बदलून चारच महिने झाले होते. लग्नात यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, सासऱ्यांनी ते मोठ्याने वाचलं, आणि आडनावाबरोबर माझं पाळण्यातलं नावही मागे राहिलं. त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही. सगळ्यांचीच नावं बदलत.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. हे तिथे फिटर होते. बाजारामागे आम्ही एक खोली घेतली होती आणि दारावर यांच्या नावाची पाटी लावली होती. शेजारी निम्मे गुजराती, निम्मे स्थानिक. आम्हाला सगळे ‘घाटावरचे’ म्हणत.

एके दिवशी दुपारी पोस्टमन दारात आला. तो बेटेगावचा, वयस्क, सायकल हातात धरून चालणारा.

“बाई, ह्या नावाची कोण हाय का इथं? घाटावरनं रजिस्टर आलाय, म्हणून तुमाला इचारतो.”

त्याच्या हातातल्या लिफाफ्यावर माझं माहेरचं नाव होतं, मागे ‘कुमारी’ लावलेलं. लग्नाआधी मी शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलं होतं, त्याचं प्रमाणपत्र माहेरी गेलं होतं. वडिलांनी जुना पत्ता खोडून ‘बोईसर, तालुका पालघर’ एवढंच लिहिलं आणि जावयाचं नाव घालायला विसरले.

“ती मीच,” मी म्हणाले.

त्याने पाटीकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे.

“तुमी खोटा बोलत नाय, ता माला कळतंय. पण रजिस्टर असा देता येत नाय, बाई. मास्तरांना भेटा.”

दुसऱ्या दिवशी हे कामावर उशिरा गेले आणि आम्ही दोघं पोस्टात गेलो. पोस्टमास्तर सभ्य होते. त्यांनी लिफाफा आमच्यासमोर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. माहेरच्या नावाचा काही कागद? शाळेचा दाखला माहेरी होता, ट्रेनिंगचा कागद तर त्याच लिफाफ्यात होता. यांनी खिशातून आमची लग्नपत्रिका काढली.

“पत्रिका कोणीही छापून घेईल,” ते म्हणाले. “तुम्ही पोस्टाचं ओळखपत्र काढा. फोटो, सही आणि अंगावरची खूण लागते. शिवाय पोस्टाला माहीत असलेल्या एखाद्या भल्या माणसाने लिहून द्यायला हवं की या नावाच्या बाईंना मी ओळखतो. पालघरहून तपासनीस येतील. तोवर पत्र मी थांबवून ठेवतो, पण अर्ज आजच द्या.”

“मीच ओळखतो की हिला,” हे म्हणाले.

“या नावाने? लग्नाआधी किती दिवस?”

हे जरा घुटमळले. “बघायला गेलो होतो तेव्हा. अर्धा तास.”

पोस्टमास्तर हसले नाहीत. मला मात्र हसू आलं. ते नाव यांनीही पत्रिकेवरच वाचलं होतं. एकदाही त्या नावाने मला हाक मारली नव्हती.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी यांना सांगितलं, की मला त्या नावाने ओळखणारा एक माणूस इथे आहे. बांधकामावरच्या भांडाराचे अधिकारी. यांच्याआधी दोन वर्षं ते मला बघायला आले होते. बोईसरच्या बाजारात मी त्यांना दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा मीच मान खाली घालून पुढे गेले होते.

यांनी ताटातली भाकरी मोडली. भांडारातून हत्यारं आणायला यांना रोज त्यांच्याच सहीची चिठ्ठी लागे.

“नकार दिला होता त्यांनी?”

“नकार नाही. कळवतो म्हणाले होते. कळवलंच नाही.”

“मग आता कळवू दे,” हे म्हणाले, आणि पुढची भाकरी मागितली.

रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहा केला. मी अर्ज पुढे ठेवून सगळं सांगितलं. कोणत्या गावी, कोणाच्या ओळखीने बघायला आले होते, तेही सांगितलं. माझा आवाज कापत नव्हता याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी नाव दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“माफ करा,” ते म्हणाले. “त्या वर्षी आम्ही पुष्कळ ठिकाणी गेलो होतो. मला खरंच आठवत नाही. सरकारी कागदावर खोटं कसं लिहू?”

मला राग यायला हवा होता. ज्या माणसाच्या पत्राची माझ्या घरच्यांनी महिनाभर वाट पाहिली, त्याला माझा चेहराही आठवत नव्हता. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी अर्ज उचलायला हात पुढे केला.

तेवढ्यात आतून त्यांच्या आई आल्या. बहुधा दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्यासमोर खाली बसून त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. लहानपणी आडाच्या काठावर पडले होते, तिथे चार टाके घातल्याचा वण होता.

“हीच ती,” त्या मुलाला म्हणाल्या. “हिने पोह्यांत ओलं खोबरं घातलं होतं. मुलगी चांगली आहे, पण तोंडावर वण आहे, असं मीच घरी येऊन म्हणाले होते. तू तर वर पाहिलंच नव्हतंस. लिही.”

त्यांची सून कपबशा घेऊन आत गेली. मग अधिकाऱ्यांनी पेन काढलं आणि ‘कसे ओळखता’ या रकान्यात लिहिलं, ‘मातोश्रींच्या परिचयाच्या’. अंगावरची खूण मला सांगावी लागली नाही.

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, “वाईट वाटलं?” मी नाही म्हणाले. ते पुरतं खरं नव्हतं. दोन वर्षं मला वाटत होतं, की पत्रिका जुळली नसेल.

तपासनीस आले, अधिकाऱ्यांच्या आईंना भेटून गेले. काही आठवड्यांनी पालघरहून ओळखपत्र आलं. त्यावर मंगळसूत्र घातलेला माझा फोटो आणि खाली माहेरचं नाव. त्याच दिवशी पोस्टमन लिफाफा घेऊन आला. त्याच्या कागदावर जुनी सही करताना आडनावाशी माझा हात अडला. तो सायकलला टेकून थांबला होता.

“सावकाश करा, बाई,” म्हणाला.

जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. तिथे दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं मामलेदार कचेरीतून लिहून आणायला लागलं, आणि हजेरीपटावर नवं नाव चढलं. भांडारवाल्यांच्या आई कधीमधी बाजारात भेटत. त्या मला माहेरच्याच नावाने हाक मारत, भाजीवाल्यांसमोर, मोठ्याने. पहिल्यांदा मी मागे वळूनच पाहिलं नाही. मला कोणी हाक मारतंय हे लक्षात यायला वेळ लागला.