ओडेटआजीचं फ्रेंच

दुर्ग स्टेशनवर दिल्लीची गाडी लागली, तेव्हा मला पोचवायला भिलाईच्या वैशाली नगरातली आमची अर्धी गल्ली आली होती. बाबा रेल्वेत सिग्नल विभागात, त्यामुळे गाडी वेळेवर सुटणार हे ते प्रत्येकाला स्वतःची जबाबदारी असल्यासारखं सांगत होते. आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, "जेवजो बराबर. अन् समजलं नाही तरी हो म्हणजो. लोकायले बरं वाटते."

मी धातूशास्त्र शिकायला फ्रान्सला निघाले होते आणि पहिल्या वर्षी फ्रेंचची परीक्षा पास होणं सक्तीचं होतं. भिलाईत फ्रेंच शिकवणारं कोणी मिळालं नाही. मोबाईलवर ऐकून मी नाकातले उच्चार गिरवायची. माझा भाऊ दाराबाहेरून विचारायचा, "दीदी, सर्दी हो गई क्या?"

उत्तर फ्रान्समधल्या एका लहानशा गावात सिल्वी नावाच्या बाईंकडे माझी राहायची सोय झाली. सिल्वी नगरपालिकेत नोकरीला. घरात ती आणि तिची ऐंशी ओलांडलेली आई, ओडेट. सिल्वीचं बोलणं राजधानी एक्सप्रेससारखं, मधल्या कुठल्याच स्टेशनवर न थांबणारं. आईचा सल्ला आठवून मी प्रत्येक वाक्याला "वी" म्हणत गेले. वी म्हणजे हो. त्यामुळे चिकोरीची कडू उकडलेली भाजी मला फार आवडते असं ठरलं आणि ती रोज ताटात यायला लागली.

एका शनिवारी सिल्वीनं काहीतरी विचारलं. मी वी म्हटलं. थोड्या वेळानं आम्ही गाडीतून उतरलो तर समोर चर्च, आणि काळ्या कपड्यातली माणसं. कोणी तरी गेलं होतं. मी पिवळा कुर्ता घालून उभी. लोक येऊन माझा हात हातात घ्यायला लागले, तसा मला घरच्या आठवणीनं हुंदका फुटला. गेलेल्या म्हाताऱ्याच्या बहिणीनं मला जवळ घेतलं आणि पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

अशात ओडेटआजी माझ्या मदतीला आली. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसायची. कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून प्रत्येक गोष्ट सावकाश आणि दोनदा बोलायची. मला तेच हवं होतं. एकदा स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ती म्हणाली, "मी." मी चमकलेच. पुस्तकात तर "म्वा" होतं. मग माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ती." मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. तिच्या भाषेत मी म्हणजे मीच, पण ती म्हणजे तू. एवढं समजल्यावर आमची गाडी सुरू झाली. बटाटे सोलता सोलता ती मला शेजाऱ्यांच्या भानगडी सांगायची, मी तिला आमच्या गल्लीतल्या.

परीक्षेत दोन परीक्षक होते. आपला दिवस कसा जातो ते सांगा, म्हणाले. मी आत्मविश्वासानं सुरुवात केली. पॅरिसहून आलेल्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना अर्धे शब्द कळेनात. शेजारचे गृहस्थ मात्र हसून हसून लाल झाले. डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही तर माझ्या वारलेल्या आजीसारख्या बोलता."

मी नापास झाले. मी शिकले होते ती तिकडची जुनी गावंढळ बोली होती. घरी येऊन सांगितलं तशी सिल्वी आईवर भडकली. पोरीचं वर्ष वाया घालवशील, म्हणाली. लहानपणी या बोलीवरून सिल्वीला शाळेत सगळे हसायचे, म्हणून तिनंच ती घरात बंद करायला लावली होती, हे मला पुढे समजलं. आजी बटाटे सोलत राहिली. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी शाळेतलं फ्रेंच बोलायला लागली, तेही लागेल तेवढंच. बटाटे सोलून झाले की उठून जायची.

सिल्वीनं मला रोज घेऊन बसून तयारी करून घेतली आणि पुढच्या वेळी मी पास झाले. आनंदानं आजीकडे जाऊन म्हटलं, झाली परीक्षा, आता तुमचं बोला. तिनं मान हलवली आणि पुस्तकी फ्रेंचमध्ये अभिनंदन केलं.

रविवारी स्वयंपाकघरात बसून मी आईशी व्हिडिओवर बोलत होते. आजी शेजारी. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, तू आणि तुझी आई वेगवेगळ्या भाषा बोलता का? दोन्हीतला एकही शब्द कळत नसताना तिच्या त्या कमी ऐकणाऱ्या कानांना ते ऐकू आलं होतं. मी सांगितलं, आई मराठी बोलते, मी हिंदीत उत्तर देते. लहानपणी नागपूरच्या मावसबहिणी माझ्या मराठीला हसल्या, तेव्हापासून सोडलं.

आजीनं हातातला बटाटा खाली ठेवला. मग तिच्या जुन्या बोलीत म्हणाली, "मग तुझी आई बोलते कोणाशी?"

मी उरलेले बटाटे सोलायला घेतले.

पुढच्या रविवारी फोन लावला आणि जमवून जमवून म्हटलं, "आई, मले तुही आठवण येऊन राहिली."

आई घाबरून म्हणाली, "कावून वो, तब्येत ठीक आहे ना तुही?" आणि तिनं फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी ताप आहे का विचारलं. खात्री पटल्यावर आईनं फोन परत घेतला आणि जी सुरू झाली ती थांबेचना. शेजारच्यांच्या कूलरचं पाणी आमच्या ओट्यावर येतं, ही गोष्ट मला महिनाभर कोणी सांगितलीच नव्हती. फोन ठेवताच ओडेटआजीनं काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिनं चूक कूलरवाल्यांचीच ठरवली, तिच्या बोलीत, दोनदा.

भिलाई सोडलेल्यांना लोक विचारतात, घर कुठं? मी भिलाईच सांगते, सवयीनं. आता मी फ्रान्समधल्याच दुसऱ्या शहरात नोकरी करते, माझं फ्रेंच बरं आहे आणि मराठी अजून अडखळतं. दर रविवारी आई ते सुधारते, आणि सुधारता सुधारता कोणाच्या तरी तक्रारीवर घसरते. तेवढा वेळ मी घरीच असते.