मावाआत्या

किडा दिसला की आत्यांना आनंद व्हायचा, आणि तो सगळ्या जिन्याला ऐकू जायचा. "सीक्रम, लवकर ये ग! आले, आले!" नवे भाडेकरू समजत, घरी पाहुणे उतरले. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं, आत्यांना कुठल्यातरी पानामागे मावा सापडला आहे. रस शोषणाऱ्या त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या किड्यांवर त्यांचं एवढं प्रेम, की मी त्यांना मावाआत्याच म्हणू लागले. त्यांनाही ते आवडलं.

मी नाशिकहून तमिळ मुलखात, सिरुसेरीच्या एका कंपनीत नोकरीला आले आणि अण्णा नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिले. त्या मूळच्या तंजावरच्या मराठी घरातल्या, कॉलेजात पिकांचे रोग शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं मराठी तमिळच्या हेलावर डुलायचं. "रोगाला पाय कुठले कण्णा, माझ्या बाळा? पाय किड्याला, पंख किड्याला. रोग नुसता बसून जातो की!" हे त्या भाजीवाल्यालाही ऐकवत.

दुसरी सवय वाटण्याची. अंगणात माहेरून आणलेल्या केळीचं बेट होतं. बुंध्याशी उगवलेली पिल्लं, म्हणजे मुनवे, त्या गल्लीत घरोघर देत. पोंगलला सगळ्यांच्या पंगतीला पानं त्यांच्याच केळींची.

एका रविवारी सकाळी तीच हाक आली. मी धावत खाली गेले. एका केळीचा शेंडा खराट्यासारखा उभा, पानं अरुंद, कडा पिवळट. आत्यांनी एक पान उन्हात धरलं. शिरांवर गर्द हिरवे ठिपके आणि रेघा. पोग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानात, तपकिरी मावा खच्चून भरलेला.

"पर्णगुच्छ! शिकवला जन्मभर, दारात आज आला!" त्या अक्षरशः नाचल्या. "बघ, हा सोंड खुपसून रस पितो, त्याबरोबर रोगही पितो. गर्दी झाली की काहींना पंख फुटतात. उडाला, दुसऱ्या केळीवर बसला, झालं!"

मग त्यांची नजर फाटकाबाहेर गेली. गल्लीभर त्यांचेच मुनवे होते, आणि केळीचा रोग तिच्या मुनव्यांतही उतरतो.

समोरच्या वकीलसाहेबांच्या दोन केळी तशाच निघाल्या. ते कोयता घेऊन तोडायला वाकले, तशा आत्या अनवाणी धावल्या. "थांबा! आधी कीड मारा! झाड आडवं केलंत तर मावा उठून शेजारी जाईल!" पोग्यात रॉकेल ओतायचं, मग गड्ड्यासकट सगळं बेट खणायचं, असं त्यांनी तमिळमधून सांगितलं.

वकीलसाहेब म्हणाले, "सगळं? तिसरीला घड लागलाय. ती तर चांगली दिसतेय."

"आज दिसतेय," आत्या म्हणाल्या, आणि वाद न घालता घरी परतल्या. स्वतःच्या बेटात रॉकेल ओतलं. मावा मेल्याची खात्री केली. मग माहेरची ती केळ पहिल्या घावाला त्यांनीच पाडली. डोळे पुसले नाहीत, पदर खोचला.

वकीलसाहेब फाटकातून पाहत होते. संध्याकाळी त्यांनी स्वतः पहार उचलली. त्या आठवड्यात गल्लीत एकही केळ उरली नाही. आत्या दारोदार फिरून प्रत्येक खड्डा तपासत होत्या, लग्नघरातल्या यजमानिणीसारख्या. पुढच्या वर्षी रोगमुक्त रोपं आली, तीही त्यांनीच निवडलेली.

माझी पुण्याला बदली झाली तेव्हा त्या एग्मोर स्टेशनवर पोचवायला आल्या. मी खिडकीतून त्यांचा हात धरला होता. तेवढ्यात एक माणूस पोत्यात केळीचे मुनवे घेऊन फलाटावरून गेला. आत्यांनी हात सोडवून घेतला. "अहो अय्या, कुठल्या गावचे हे मुनवे?" म्हणत त्या त्याच्यामागे धावल्या.

गाडी हलली. मला फक्त पोत्यावर वाकलेली त्यांची पाठ दिसत होती. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पण त्या दिवशी फलाट संपता संपता त्यांनी मान वर केली, दोन्ही हात उंचावले आणि साऱ्या स्टेशनला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "पानं चांगली आहेत ग! एकही मावा नाही!"